निवलेली पेज

पेज निळी झाली ती हौसाबाईने पाहिली नाही. तिच्या सासूने पाहिली.

सकाळची वेळ होती. चुलीवरून उतरलेली उकड्या तांदळाची पेज हौसाने वाडग्यात घेतली, कोनाड्यातली तपकिरी बाटली काढली आणि औषधाचे दहा थेंब त्यात सोडले. वाफाळत्या पेजेत थेंब तांबूस पसरले आणि विरून गेले. रोज असंच व्हायचं. चव जिभेवर रेंगाळू नये म्हणून हौसा रोज पेज कढत असतानाच पिऊन टाकायची. त्या दिवशी खळ्यात वाळत घातलेल्या बांगडा माशांवर कावळे उतरले आणि वाडगा तसाच ठेवून ती बाहेर धावली. कावळे हाकलून, विस्कटलेले मासे सारखे करून ती परत आली तोवर पेज निवली होती. काशीबाई वाडग्यापाशी उभी होती.

"हौसा," ती अगदी हळू म्हणाली, "ह्या काय गो?"

वाडग्यात माकुल माशाच्या शाईसारखं काहीतरी होतं. काळपट निळं, जाड, आणि मधूनमधून भाताची शितं, तीही निळी.

"औषध घातलेलंय आये. दुसरा काय नाय."

"औषध असा रंग बदलता? निवला म्हणान निळा होता?" काशीबाईने वाडग्याला हात लावला नाही. "कोणी तरी करणी केली हा."

काशीबाई बाटली घेऊन पुळणीवर गेली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरून तिने ती फेकली. खडकावर काच फुटली. पाण्यात एक तांबूस ढग पसरला, लाटेबरोबर एकदा पुढे आला, मागे गेला आणि दिसेनासा झाला.

हे सत्तावन्न सालचं. मे महिना होता, मालवणच्या किनाऱ्यावर नारळीच्या सावल्या आखूड झाल्या होत्या, आणि पावसाळ्यापूर्वीची शेवटची आगबोट यायला थोडेच दिवस राहिले होते. त्या बोटीचं हौसाचं तिकीट काढून झालं होतं. मुंबईच्या इस्पितळात तिच्या गळ्यातली गाठ कापायची होती.

गाठ फार मोठी नव्हती. लांबून दिसायचीही नाही. पण तिने दोन वर्षांत हौसाला आतून पळवत ठेवलं होतं. छाती सतत धडधडायची. अंग थंडीतही तापलेलं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. हात इतके थरथरायचे की जाळं शिवताना सुईत दोरा जात नव्हता. डोळे मोठे होऊन बाहेर आल्यासारखे दिसत आणि मिटले तरी झोप येत नसे. पौषात तिचा नवरा लवू तिला मुंबईला घेऊन गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मेअखेरची तारीख दिली, आणि त्याआधी दीड-दोन आठवडे थेंब सुरू करायला सांगितलं. थेंब मालवणात डॉक्टर गवाणकरांच्या दवाखान्यात मिळत होते. ते देताना डॉक्टरांनी दोघा नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं.

"या थेंबांनी आजार बरा होत नाही, हे लक्षात ठेवा. गाठ झोपते, एवढंच. ती झोपलेली असताना मुंबईला कापून घ्यायची. फार दिवस थांबलात तर ती थेंब चालू असतानाही जागी होईल. आणि जागी झाली की आधीपेक्षा जास्त बिथरेल."

लवू तांडेल होता. मालवणला आगबोट खडकांमुळे बंदराला लागत नसे, दूर नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंना तिच्यापर्यंत नेणाऱ्या पडावांपैकी एक लवूच्या ताब्यात होता. डॉक्टरांचं बोलणं त्याने मान हलवत ऐकलं होतं. पण ते बोलणं निळ्या पेजेच्या आधीचं.

पेज निळी झाली त्याच दुपारी काशीबाई सातेरीच्या देवळात गेली. गुरवाने देवीच्या पाषाणावर पाण्याने ओल्या केलेल्या कळ्या चिकटवल्या, उजवीकडे आणि डावीकडे. काशीबाईने पदर पसरला.

"माये, माझी सून तुझ्या पदरात घातलंय. त्या बाटलेतला पाणी बंद करूचा आसात तर उजवी दी."

सगळे थांबले. देवळात पाकोळ्यांचा आवाज तेवढा होता. उजवीकडची कळी पाषाणावरून सुटली, थोडी घसरली, अडकली, आणि मग खाली पडली.

लवू टोपी हातात घेऊन सभामंडपाच्या पायरीवर उभा होता. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "देवीन सांगल्यान तर सांगल्यान."

देवळात हौसाही हात जोडून उभी होती. तिचाही देवीवर विश्वास होता. पण छातीतली धडधड तिची एकटीची होती आणि ती कौल ऐकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजारात मासे देऊन येताना ती दवाखान्यात गेली. डॉक्टर पडद्याआड कुणाला तरी तपासत होते. पुढे कंपाउंडर फकरुद्दीन खलात काहीतरी घोटत बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची तपकिरी होती.

हौसाने त्याला पेजेचं सांगितलं. फकरुद्दीनने बत्ता ठेवला.

"दुधात घे म्हणान सांगितलेला नाय?"

"दूध खंयसून हाडू चाचा? आमच्या घरात मांजर पण काळी चाय पिता."

फकरुद्दीन हसला. त्याने आपला जेवणाचा डबा उघडला, चार शितं काचेच्या नळीत टाकली, पाणी घातलं आणि ती स्पिरिटच्या दिव्यावर उकळली. नळी निवल्यावर त्यात औषधाचा एक थेंब सोडला. शितं निळी झाली. मग त्याने नळी पुन्हा ज्योतीवर धरली. निळा रंग फिकट होत होत गेला, जसा पहाटेचा समुद्र ऊन वर आल्यावर पांढरा होतो तसा. नळी त्याने पाण्याच्या तसराळ्यात बुडवली. निळा परत आला.

"गरम केला की जाता, निवला की येता. भात, बटाटो, साबुदाणो, कशातय घाल, असाच होतला. करणी असती तर माझ्या डब्यात कशाक इली असती?"

"पेजेत औषध मरता काय?"

"मरणा नाय. पोटात गेला की आपला काम करता. पण तू आपली शहाळ्याच्या पाण्यात घे. डोळ्यांक त्रास नको." त्याने तिच्याकडे पाहिलं. "बाटली खंय आसा?"

"दर्यात."

फकरुद्दीनने उसासा टाकला आणि दुसरी बाटली बनवायला घेतली. फळीवरून त्याने तपकिरी बरणी काढली. झाकणावर मेण होतं. आत पांढरं मीठ होतं, बारीक चौकोनी खडे, जाड्या मिठासारखेच. ते त्याने शिंगाच्या चमच्याने कागदावर काढून तोललं आणि बरणी लगेच बंद केली.

"ह्या मीठच आसा?" हौसाने विचारलं.

"मिठाचा चुलतभावंड. पोटॅशियम आयोडाइड म्हणतत. जेवणात घालूचा नाय." त्याने खिडकीच्या कोपऱ्यातली एक छोटी कुपी उचलून दाखवली. आतले खडे ओले, पिवळट, एकमेकांना चिकटलेले होते. "ही गेल्या पावसाळ्यात हय उघडी रवली. दर्याचो वारो लागलो, उजेड लागलो. आतला आयोडीन सुटान जाऊक लागला. आता ही टाकूची. बरा मीठ व्हया तर काळोखात ठेवक व्हया, आणि कोरडा."

त्याने खडे काचेच्या पेल्यात टाकले आणि वर अगदी थोडं पाणी घातलं. खडे बघता बघता विरघळले.

"पेल्याक हात लाव."

हौसाने हात लावला आणि मागे घेतला. मग पुन्हा लावला. मे महिन्याच्या त्या दुपारी, जिथे भिंतीही तापल्या होत्या, पेला विहिरीतल्या दगडासारखा गार झाला होता. बर्फ नाही, काही नाही, चिमूटभर मीठ पाण्यात गेलं आणि पाणी गार झालं. तिने विचारलं नाही, पेला उचलून आपल्या गळ्याला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिथे काहीतरी थंड टेकलं. तिचे डोळे मिटले. पडद्याआड डॉक्टर कुणाला तरी "श्वास घ्या, सोडा" सांगत होते, आणि तिने श्वास घेतला, सोडला.

"दी आता," थोड्या वेळाने फकरुद्दीन म्हणाला.

दुसऱ्या बाटलीतून त्याने करड्या रंगाच्या चकचकीत पातळ खपल्या काढल्या. बूच काढताच काचेच्या गळ्यात जांभळी वाफ दिसली.

"ह्या आयोडीन. ह्याका निसता पाणी आपल्यात घेणा नाय. तळाक पडान रवता."

"मगे?"

"मगे ह्या मीठ पडाव होता. तुझो घोव माणसांक आगबोटीपर्यंत नेता ना, तसा ह्या तेका पाण्यात नेता." खपल्या मिठाच्या पाण्यात पडल्या. त्यांच्याभोवती तांबडे धागे सुटले, आणि काही वेळात पेल्यात दाट तपकिरी रंग उभा राहिला. फकरुद्दीनने वरून पाणी घालून तो बाटलीत भरला. "बूच काचेचाच लाव. लाकडी बूच ह्या खाता. उन्हात ठेवू नको. पोराबाळांच्या हाताक लागूक देव नको. लुगड्यार सांडला तर डाग पडतलो. आणि तोंडाक तांब्याची चव येऊक लागली, थंडी झाल्यासारखा नाक गळूक लागला, अंगार पुळये इले, तर घेवचा थांबव आणि तडक हय ये."

हौसाने बाटली घेतली. ती उठली नाही.

"चाचा, आयेन देवीचो कौल घेतल्यान. देवी नको म्हणाली."

फकरुद्दीनने खलातला बत्ता उचलला आणि परत ठेवला. "देवीच्या मधी मी येवचंय नाय. मी बाटली देतंय. घेवची की नाय, ता तू बघ."

बाटली तिने लाकडी पेटीत, लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ठेवली. तिथे काळोख होता आणि कोरडं होतं. दिवसातून तीनदा ती काही ना काही निमित्त काढून विहिरीमागच्या माडाखाली जाई, कोयत्याने शहाळं सोलून त्यात थेंब टाकी. शहाळ्याचं पाणी काळ्या चहासारखं दिसायचं. निळं काही व्हायचं नाही.

आणि मग ते आलं. कधी आलं ते तिला कळलं नाही. एका दुपारी ती जाळं मांडीवर घेऊन बसली होती, आणि सुईत दोरा ओवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की दोरा ओवला गेला आहे. तिने हात समोर धरले. दोन्ही हात हवेत नुसते होते, ओहोटीला खडकांमधल्या डबक्यातलं पाणी असतं तसे. डबक्याबाहेर समुद्र असतो, तो हलत असतो. पण आतलं पाणी इतकं निश्चल असतं की तळाची शेवाळं मोजावीत.

छातीतली धडधड गेली नव्हती, लांब गेली होती. कान लावला तर वल्ह्यांसारखी ऐकू यायची. एक वल्हं, मग थांबणं, मग दुसरं. ती दुपारची झोपू लागली. पडवीत चटई टाकून पडली की सिंधुदुर्ग किल्ला पाण्यावर उचलल्यासारखा दिसे, मधे धुकट ऊन, आणि किल्ला कुठेतरी जायला निघालेला. झोपेत तिला पडाव दिसत. बारीक, पांढरे, चौकोनी पडाव, मिठाच्या खड्यांसारखे, खूप. प्रत्येकात जांभळं लुगडं नेसलेली एकेक बाई बसलेली. कुणी वल्हवत नव्हतं. पडाव आपोआप पाण्यात विरत जायचे आणि बायका बुडायच्या नाहीत. पाणीच त्यांच्या रंगाचं व्हायचं. ती जागी झाली की अंगावर घाम नसायचा. वारा अंगाला लागतो हेही ती विसरली होती. आता तो कुठल्या बाजूने येतो ते तिला मान न वळवता कळत होतं.

काशीबाईने ते सगळं पाहिलं. सुनेच्या गालावर मांस चढलेलं पाहिलं, तिने वाढलेला भात संपवलेला पाहिला. ती संध्याकाळी हौसाला पुढ्यात घेऊन बसायची, तिच्या केसांना खोबरेल लावायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

"सातेरीन राखल्यान. बाटली दर्यात टाकलंय आणि तिसऱ्या दिसापासून फरक बघा."

शेजारची सुगंधा कुंपणापलीकडून ओरडली, "हौसा गो, तुझे डोळे आता बांगड्यासारखे दिसणत नाय! आता लवूक रात्री भिया वाटूचा नाय!"

"तुझो घोव तुका बघून आजून भिता, तेचा बघ आधी," काशीबाई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हौसाही हसली. सासूची बोटं तिच्या डोक्यावर फिरत होती. ती बोटं इतकी मऊ कधी नव्हती. काशीबाईने देवीला हिरवं लुगडं नेसवायचा नवस केला होता. हौसाला वाटलं, हे असंच राहू दे. बाटली कुणाला दिसू नये, केस विंचरून होऊ नयेत, आगबोट येऊ नये.

लवूलाही तसंच वाटत होतं. तो एका सकाळी तिकीट हातात घेऊन म्हणाला, "आता मुंबय कित्याक? बरी झालस तू. नारळी पुनवेनंतर बोटी परत सुरू होतत. तेवा बघूया. आगबोट खंय पळान जाता?"

काशीबाई आतून म्हणाली, "परत दी ता तिकीट. कापूक कोणाक पाठवूचा नाय ह्या घरातसून."

हौसाला ठाऊक होतं ती असं का म्हणते ते. लवूचे वडील पोटातली गाठ काढायला आगबोटीने मुंबईला गेले होते. परत आलं ते त्यांचं धोतर आणि चष्मा. काशीबाईने तो चष्मा देव्हाऱ्यात ठेवला होता. आगबोटीचा भोंगा वाजला की ती अजूनही घराची दारं लावून घेई.

हौसाने बोलायचं तर बाटलीचं बोलावं लागलं असतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही जायचं नव्हतं. इतका निवांतपणा तिला लग्नाआधी माहेरीही मिळाला नव्हता. गळ्यावर सुरी चालणार, मग हा निवांतपणा राहील की त्याच्याबरोबर कापला जाईल, कोण सांगणार? डॉक्टरांचं बोलणं तिला आठवत होतं, पण पाण्याखालून कुणी बोलावं तसं.

आगबोट यायच्या आदल्या दिवशी ती विहिरीवर होती. कळशी काठावर ठेवली, रहाट सोडला आणि छातीत काहीतरी एकदा जोरात उसळलं. जाळ्यात मासा एकदाच शेपटी मारतो तसं. मग परत शांत. ती काठाला धरून उभी राहिली. थेंब ती चुकली नव्हती. सकाळचे घेतले होते, दुपारचे घेतले होते. तिने हात समोर धरला. करंगळी हलत होती. बाकीची बोटं स्थिर होती, एकटी करंगळी हलत होती.

त्या रात्री ती झोपली, पण पडाव दिसले नाहीत.

सकाळी पेज उतरवून तिने सगळ्यांची वाढली. लवू बाहेर निघायच्या तयारीत होता. वेंगुर्ल्याहून येणारी बोट दुपारी लागायची होती. शेजारचा धोंडू, सुगंधाचा नवरा, ज्याच्या सोबतीने हौसाने जायचं ठरलं होतं, तो मुंबईच्या गिरणीतली सुट्टी संपवून त्याच बोटीने परत निघाला होता आणि सकाळपासून ट्रंकेला दोरी बांधत होता. हौसा आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. ती बाटली घेऊन परत आली आणि दोघांच्या समोर बसून आपल्या कढत पेजेत तिने दहा थेंब सोडले.

लवूने हातातला वाडगा खाली ठेवला.

"ही खंयसून इली?" लवूने विचारलं.

"दवाखान्यातसून. पयली टाकली तेच्या दुसऱ्याच दिसाक."

"म्हणजे इतके दिस..."

"होय. तीनय वेळ."

काशीबाईचा हात वाडग्यावरच थांबला होता. "देवीक फसवलंस तू?"

"देवीक कोण फसवतलो आये? ती सगळा बघित होती. मी तुका फसवलंय." हौसाचा आवाज चढला नव्हता. "तू इतक्या बरा वागत होतंस, माझ्यान सांगवला नाय."

पेज निवत होती. तिघंही तिच्याकडे बघत होते. आधी वाडग्याच्या कडेला, जिथे पेज पातळ होती, तिथे सावलीसारखा रंग आला. मग तो आत सरकला. शितांच्या कडा निळ्या झाल्या, मग शितं. भरती वाळूत चढते तशी निळाई वाडगाभर चढली. काशीबाई मागे सरकली आणि तिने तोंडावर पदर धरला.

हौसाने वाडगा रिकाम्या टोपात ओतला, टोप चुलीवर ठेवला आणि जाळ सारला. पेज कढत आली तशी निळाई गेली.

"ये आये, बघ."

काशीबाई आली नाही. पण तिथूनच मान लांबवून तिने पाहिलं. हौसाने पेज परत वाडग्यात घेतली. पुन्हा तिघं बसून राहिले. बाहेर धोंडू ट्रंकेशी भांडत होता. पेजेवर पुन्हा निळा रंग चढला.

"करणी अशी चुलीर जाता आणि जमनीर येता?" हौसा म्हणाली. "भातात घातला की असा होता. फकरुद्दीनचाचांच्या डब्यातय होता."

"आणि तू बरी झालस ती?" काशीबाईने विचारलं. तिचा आवाज फार बारीक झाला होता. "ती पण ह्याच्यानच?"

"बरी झालंय नाय आये. निजवलेली आसा ती गाठ. काल बावीर पाणी काढताना जागी होऊक लागली." तिने हात पुढे केला. करंगळी हलत होती. काशीबाईने ती पाहिली.

लवू उठून दारापाशी गेला. पाठमोराच म्हणाला, "पावसाळो सरल्यार जाऊया. मी स्वतः घेऊन जातंय. आता आयेक इतक्या..."

"तुमी पडाव शिडयेक लावतास," हौसा म्हणाली, "तेवा उतारूक काय सांगतास?"

प्रत्येक उतारूला लवू एकच गोष्ट सांगायचा, आणि सबंध वाडीतल्या पोरांना ते पाठ होतं. उघड्या समुद्रात आगबोटीच्या कडेला पडाव वरखाली होतो. लाटेने पडाव वर उचलला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा. लाट उतरल्यावर नाही. उतरत्या लाटेवर पाय टाकलेल्या एका बाईला लवूने स्वतः पाण्यातून काढलं होतं. त्यानंतर तिचा पाय कधी सरळ झाला नाही.

"लाट आता वर आसा," हौसा म्हणाली. "उतरल्यार पाय टाक म्हणान सांगशात माका?"

लवू दारातच उभा राहिला. मग त्याने टोपी काढली, घातली, आणि आईकडे वळून पाहिलं.

काशीबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती देव्हाऱ्यातल्या चष्म्याकडे बघत होती. "तेच्या बरोबर कोण नाय होता," ती म्हणाली. "आगबोटीन नेल्यान, आणि धोतार-चष्मो तेवढो पाठवल्यान."

हौसाने वाडगा तोंडाला लावला आणि निळी पेज पिऊ लागली. घाई केली नाही. काशीबाई तिच्या गळ्याकडे बघत होती, जिथे प्रत्येक घोटाबरोबर ती लहानशी गाठ वर चढून खाली उतरत होती. तळाला थोडी पेज राहिली तेव्हा म्हातारी पुढे सरकली आणि तिने वाडगा सुनेच्या हातातून काढून घेतला. निळ्यात बोट बुडवलं. बोटाकडे बराच वेळ पाहिलं. मग ते तोंडात घातलं.

"तांब्यासारखा लागता," ती म्हणाली. आणि जरा थांबून, "मीठ घालूक इसारलस."

ती उठली. पेटी उघडून तिने लग्नातलं लुगडं बाहेर काढलं, त्यात बाटली गुंडाळली आणि ते बोचक्याच्या अगदी मधे कोंबलं, जिथे ऊन लागणार नाही.

दुपारी भोंगा वाजला. काशीबाईने दारं लावली नाहीत. ती पुळणीपर्यंत आली, देवळाच्या दिशेला तोंड करून हात जोडून उभी राहिली, काहीतरी पुटपुटली. ते कुणाला ऐकू गेलं नाही. मग लवूला म्हणाली, "मधी बसव तिका. कडेक पाणी उडता." धोंडूला म्हणाली, "आणि तू रे, तिच्यावयली नजर काढून विडी ओढीत बसशीत तर बघ." धोंडूने कान पकडले.

पडाव सुटला. हौसा मधल्या फळीवर बसली, मांडीवर बोचकं, पदराच्या गाठीला लवूने परत न केलेलं तिकीट. पाणी हिरवं होतं, मग निळं, मग पेजेसारखं काळपट निळं. किनाऱ्यावरची माणसं लहान झाली. त्यांतली एक पाण्याच्या अगदी काठाशी उभी होती आणि हलत नव्हती. किल्ला उजव्या हाताला होता आणि आज तो उचललेला दिसत नव्हता, पाण्यावर घट्ट बसला होता. हौसाने छातीवर हात ठेवला. वल्हं, थांबणं, वल्हं. मधेच एकदा मासा शेपटी मारून गेला.

आगबोटीची काळी भिंत वर उभी राहिली. शिडी लोंबत होती. पडाव तिच्या कडेला लागला आणि वरखाली होऊ लागला. धोंडू आधी चढला आणि वरून हात खाली करून थांबला. लवूने एका हाताने दोर धरला, दुसऱ्याने बायकोचं कोपर. तो तिच्याकडे बघत नव्हता, समुद्राकडे बघत होता.

"आता नको," तो म्हणाला.

पडाव खाली गेला. गंजलेल्या पत्र्यावरून पाणी ओघळत होतं. लांबून एक लाट येताना दिसली, पहिलीपेक्षा मोठी, संथ.

"आता नको... रव... आता."

तिने पाय टाकला. पडाव तिच्या खालून निघून खोल गेला आणि ती वर राहिली.